उत्तनचा शिलालेख

चहा घ्या, पण मध्येच हसायचं नाही. ही फजिती मी स्वतःच सांगून टाकतोय, कारण शहाभाई सांगतात तेव्हा त्यात फार मसाला असतो.

तर आमच्या जेसल पार्कातल्या सोसायटीचा पायी भटकणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. सात-आठ डोकी, शहाभाईही त्यातलेच. पुढारी अर्थातच मी. बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला कोणाच्या मागून चालता येत नाही. दर ऋतूत एकदा आम्ही उत्तनला जातो आणि टेकडीवरून किनाऱ्यापर्यंत चालतो. जुनं चर्च, पडकी तटबंदी, खाली समुद्र. इतिहास मी सांगतो. माहीत असतो तिथे सांगतो, नसतो तिथे जरा जास्त सांगतो.

श्रावणात गेलो तेव्हा समुद्र गढूळ होता आणि होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या. तिथे एका मोकळ्या जागेत, चिखलात, एक काळा दगड पालथा पडलेला. फक्त कड उघडी, आणि त्या कडेवर कोरलेली वेलबुट्टी.

"पोर्तुगीज शिलालेख," मी जाहीर केलं.

"पक्का?" शहाभाईंनी विचारलं.

"शहाभाई, मैं पत्थर देखके शतक बताता हूँ."

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. समुद्र निळाशार, बांबूंवर बोंबील लटकलेले, आणि माझ्या शिलालेखावर एक बाई खुशाल मासे साफ करत बसलेली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुमची नसती गेली?

"मावशी, हे काय चाललंय?"

"बोंबील साफ करतंय. दिसत न्हाय काय?"

"अहो, हा इतिहास आहे. यावर मासे चिरता?"

"आयका तरी. यो दगड आमचा न्हाय. तुमच्या शेरातना टेम्पो..."

"तुमचा नाहीच. देशाचा आहे."

रोझी मावशी तिचं नाव. तिने तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा मी तिला गप्प केलं. मग दगडाभोवती चार काठ्या रोवल्या, नायलॉनची दोरी बांधली आणि घरून रंगवून आणलेली पाटी लावली : 'ऐतिहासिक ठेवा. हात लावू नये.' पाटी बरोबर कशी होती म्हणता? प्रत्येक सहलीला माझ्या पिशवीत एक असतेच. यात मावशीची मासळी सुकवायची अर्धी जागा अडली, तीही ऐन हंगामात.

"मंग मी मासली सुकवू कुठं?"

"कुठेही सुकवा," मी म्हणालो. तिची मला कीव आली. लोकांना किंमतच नसते हो कशाची.

होळीच्या सुमाराला मी ठरवलं की दगड इथे सुरक्षित नाही. तो सन्मानाने आमच्या सोसायटीच्या बागेत न्यायचा. टेम्पो सांगितला, पहारी घेऊन चार माणसं आणली, नारळ घेतला, झेंडूचा हार घेतला. दगड उलटा करण्याआधी छोटंसं भाषणही केलं. त्यात 'बेपर्वाई' हा शब्द पाच वेळा आला, असं शहाभाई म्हणतात. तीन वेळा आला होता.

दगड उलटला. मी स्वतः पाणी ओतलं आणि रुमालाने चिखल पुसायला लागलो. शहाभाई चष्मा सावरून वाकले.

"साळवीजी, पोर्तुगीज लोग मराठी में लिखते थे?"

मी आणखी पुसलं. उगाच पुसलं. 'नूतन प्रवेशद्वार,' खाली आमच्या सोसायटीचं नाव, आणि त्याखाली सगळ्यात ठळक अक्षरांत : 'मानद सचिव, मो. द. साळवी.'

मी झेंडूचा हार हळूच पिशवीत परत ठेवला.

हा दगड ज्यावर होता ते जुनं गेट, गाड्या वळत नाहीत म्हणून, आम्ही चार वर्षांपूर्वी पाडलं होतं. राडारोडा भरल्यावर टेम्पोवाल्याने मला विचारलं होतं, "साब, कहाँ डालूँ?" आणि मी म्हणालो होतो, "कहीं भी डाल दे, बस हमारे गेट के सामने नहीं." आता मला सांगा, संताप येणार नाही? दगड पालथा टाकायची काय गरज होती त्याला? सुलटा टाकला असता तर श्रावणातच मिटलं असतं.

"कवापासना सांगतंय मी," मावशी दोरी सोडत म्हणाली. "आता उचला तुमचा इतियास. मना बोंबील घालायचेत."

तिचं बरोबर होतं. मी तिची माफी मागितली, आणि तिने ती माझ्याकडे न बघता घेतली.

टेम्पो जेसल पार्कात आला. आता सेक्रेटरी शहाभाई आहेत. ड्रायव्हरने विचारलं, "साब, कहाँ डालूँ?"

शहाभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कहीं भी," ते म्हणाले, "बस गेट के सामने नहीं."

म्हणून तो सध्या आमच्या गॅलरीत आहे. अक्षरांची बाजू वर, माझ्या नावासकट. दर रविवारी बायको त्यावर बोंबील साफ करते.