आत्या आणि पालीचं स्थळ

माझी आत्या जुन्या कृष्णधवल सिनेमांत काम करायची. नायिका व्हायचं म्हणून रत्नागिरीहून मुंबईला गेली आणि ऐन पंचविशीत सासू झाली, केसांना पांढरी पावडर फासून. स्टुडिओत थंड चहा आणणाऱ्याकडे तिने ज्या जळजळीत नजरेने पाहिलं, ती दिग्दर्शकाने हेरली. तिथून पुढे बाई जन्मभर सुनांना छळत राहिली. स्वतः मात्र लग्न केलं नाही.

आता ती आमच्याकडे असते. मासळी आणायला तीच जाते. मी गेलो की हमखास मऊ पडलेले बांगडे घेऊन येतो. तिला शिळं द्यायची कुणाची छाती होत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला पालीचं स्थळ आलं. खरं तर दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. उरला होता तो मुलाच्या आजीचा होकार. आजीच्या शब्दापुढे त्या घरात कुणी जात नाही. वर ही आजी जुन्या सिनेमांची वेडी, हे ऐकलं होतं म्हणून पाहुणे यायच्या दिवशी मी आत्याला गाठलं.

"आत्या, आज जरा आतच बसशील?"

"का रे? चावते का मी?"

"तसं नाही गं, तुझे गुडघे..."

"खोटं तरी नीट बोल. नटीचा भाचा ना तू?"

पाहुणे आले. मी आंबापोळीची बशी फिरवत आमच्या कलमांचं कौतुक सांगत होतो. तेवढ्यात कोकम सरबताचा ट्रे घेऊन आत्या स्वतःच बाहेर आली. आजीचा हात हवेतच राहिला.

"तूच ना गो ती? सुनेला पडवीत उपाशी झोपवलंस!"

"आजी, ते सिनेमात..." मी म्हणालो.

"तू गप रे!" दोघी एकदम.

"तिच्या हातातली पाटलीसुद्धा काढून घेतलीस."

"घेतली," आत्या शांतपणे म्हणाली. "गिल्टाची निघाली."

तो सिनेमा मीच काढल्यासारखी मुलगी माझ्याकडे बघत होती. स्थळ गेलं, मी मनात म्हटलं.

"बघ बघू तशी," आजी म्हणाली. "एकदाच."

आत्याने ट्रे ठेवला, पदर सारखा केला आणि मुलाच्या आईकडे नुसतं पाहिलं. त्या बिचारीचं अर्धं सरबत साडीवर.

"बघितलंस?" आजी आपल्या सुनेकडे वळली. "ह्याला म्हणतात खाष्ट! आणि तू मला नावं ठेवतेस गावभर."

"चुकलं हो, आई," साडी पुसत सून म्हणाली. "तुम्ही देवमाणूस!"

आजीचा चेहरा असा फुलला की ती तिथल्या तिथे होकार देऊन मोकळी झाली. फक्त एक अट घातली: मुलगी पहिल्यांदा सासरी येईल तेव्हा तिच्या सोबतीला पाठराखीण म्हणून आत्याच हवी.

आत्या पहिल्यांदाच गडबडली.

"म्हणजे ह्या वेळी मी सुनेच्या बाजूने?" तिने जरा विचार केला. "येईन. पण मला सवय नाही हो."