मामीच्या हातांचं माप

मासे शोधायचं यंत्र घ्यायची कल्पना मामाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. मामाच्या डोक्यातून नवीन काही निघत नाही. तिथे जुनंच गच्च भरलेलं आहे. सगळं मामीचं चाललं होतं. वर्षभर तिने त्याचा पिच्छा पुरवला. अमक्याच्या बोटीवर आहे, तमक्याच्या बोटीवर आहे, पाण्याची खोली दाखवतं, तळ दाखवतं, मासे कुठे आहेत ते दाखवतं.

मामा म्हणायचा, "मग तू काय करणार?"

"मी घरी बसेन."

तो हसायचा. त्याला वाटायचं, बाई गंमत करतेय.

गंमत नव्हती. एकदा भांडी पुसताना ती मला सरळ म्हणाली, "मला आता बोटीवर जायचं नाही गं. कंटाळले म्हण, थकले म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण मी येत नाही म्हटलं की तुझा मामा एकटा जाऊ शकत नाही, आणि दुसरा माणूस ठेवणं आपल्याला झेपत नाही. यंत्र आलं तर माझं काम ते करेल." एवढं बोलून तिने ताटं खालच्या फळीवर ठेवली. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत सगळंच खालच्या फळीवर आलं होतं. डबे, ताटं, चहाचं सामान. वरच्या फळ्यांवर नुसती धूळ.

मी मामाची भाची. आई गेल्यापासून याच घरात राहते, शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते, आणि या दोघांमध्ये निरोप्याचं काम करते. ते दुसरं काम बिनपगारी आहे आणि जास्त दमवतं.

मामीचं बोटीवरचं काम काय, ते सांगायला हवं. बोट लहान आहे. जाळं ओढायला मोटरवर फिरणारं चाक आहे, त्यामुळे तिथे माणूस लागत नाही. मामी लागते ती पाणी मोजायला. मामा मागे सुकाणूवर असतो आणि सुकाणू सोडलं की बोट भलतीकडे जाते. मग मामी पुढे उभी राहून शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडते. वजन तळाला टेकलं की दोरी हातांनी मोजत वर घ्यायची. दोन्ही हात पुरते पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत जेवढी दोरी येते ती एक वाव. वजनाच्या बुडाला साबण चोपडलेला असतो, त्याला चिकटून वाळू येते, चिखल येतो, शिंपल्यांचा चुरा येतो. मामी तो बोटाने चोळते, आकडा सांगते, आणि मामा त्याप्रमाणे जाळ्याला दोरी देतो. पाऊस असो, वारा असो, रोज सकाळी हेच. पंचविसाव्या वर्षी सुरू केलं, आता साठीला आली.

मामी उंच. मामापेक्षा चार बोटं जास्तच, आणि हात त्याहून लांब. धक्क्यावर तिला सगळे फूटपट्टी म्हणतात, तोंडावर म्हणतात, तिलाही त्याचं काही वाटत नाही. तिचा आकडा चुकत नाही अशी तिची ख्याती. दुसऱ्या बोटींवरचे लोक येऊन विचारतात, वहिनी, चिमणीसमोर पाणी किती? मामी सांगते आणि ते जातात. मामाला या गोष्टीचा असा काही अभिमान आहे की आकडा जणू त्याच्याच हातांनी मोजलाय.

आता चिमणीसमोरची जागा. कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली की खाली एक खळगा आहे, तिथे मासे बसतात. माझ्या लहानपणापासून तिथे चौदा वाव पाणी, हे घरात सगळ्यांना पाठ. मग कधीतरी पंधरा झालं. मग सोळा. हल्ली सतरा. मामाने याचा छडा लावला होता. वाळू उपसणारी जहाजं रात्रीची येतात आणि समुद्र खणून नेतात, म्हणून तळ खाली चाललाय. हे तो धक्क्यावर सांगायचा, चहाच्या टपरीवर सांगायचा, माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनासुद्धा एकदा रस्त्यात अडवून सांगितलं. आणि पाणी वाढलं म्हणून त्याने जाळ्याच्या दोऱ्यांना तुकडे जोडले होते. दरवेळी नवा तुकडा, नवी गाठ.

तर शेवटी यंत्र आलं. खोक्यात एक पडदा, एक लांब वायर, आणि वायरच्या टोकाला हाताच्या अंगठ्याएवढं काळं बोंडुक. ते बोंडुक बोटीच्या मागे पाण्याखाली बसवायचं. तेच तळाकडे आवाज सोडतं आणि परत आलेला आवाज ऐकतं. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून मी सुट्टी टाकली. पुस्तक मी वाचायचं आणि मामाने त्याच्या उलट करायचं, अशी आमची वाटणी.

बोट तेव्हा रंगासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती. मामाने पडदा सुकाणूशेजारी ठोकला, बॅटरीची वायर जोडली आणि माझं पुस्तक उघडायच्या आत बटण दाबलं. पडद्यावर निळं पाणी आलं, खाली तपकिरी तळ आला, आणि मोठाले मासे एकामागून एक जायला लागले. पाणी तीस मीटर. बोट कोरड्या वाळूत लाकडी ठोकळ्यांवर उभी. खालून एक कुत्रं गेलं.

"खोटं बोलतंय हे," मामा म्हणाला.

मी पुस्तक चाळलं. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा तो डेमो होता, तो बंद करावा लागतो. मी तो बंद केला, मामाला समजावलं, पुन्हा समजावलं. त्याने ऐकून घेतलं. पण मामाच्या मनातून एकदा एखादा माणूस उतरला की तो पुन्हा चढत नाही, आणि यंत्राला तो माणसासारखंच वागवत होता. मामी खाली पेटीवर बसून हे बघत होती. तिचा चेहरा पडला.

दुसरी खेप बोट पाण्यात उतरवल्यावर. पडद्यावर नुसत्या रेघोट्या. मामाने बोंडुक बोटीच्या पंख्याच्या अगदी मागे बसवलं होतं, पंख्याच्या फेसात त्याला काय ऐकू येणार? पुस्तकात बाजूला बसवा असं चित्रासकट होतं. पुन्हा बोट ओढा, भोकं बुजवा, नवी भोकं पाडा. माझ्या नाकी नऊ आले. मामा दर स्क्रूला दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होता. दुकानदाराने सांगितलेलं होतं, पसंत नाही पडलं तर आठवड्याच्या आत परत आणा. मामाने ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं होतं.

"एवढं नीट बसवा ना," मामी म्हणाली. ती कधी असं विनवून बोलत नाही. मामाच्या ते लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी आम्ही तिघं चिमणीसमोर गेलो. पाणी शांत होतं, ओहोटी संपत आलेली. मी यंत्रात वावांचं माप लावलं होतं, त्यात तेही असतं, म्हणजे मामाला मीटरची भानगड नको. चिमणी आणि टाकी एका रेषेत आली. पडद्यावर तळ स्वच्छ दिसत होता, खळग्याची कड दिसत होती, खळग्याच्या वर माशांचे बारीक ठिपके. कोपऱ्यात आकडा: चौदा.

"मोज गं," मामा म्हणाला.

मामी पुढे उभी राहिली, तिने वजन सोडलं, दोरी वर घेतली. तिला घाम आला होता. "सतरा," ती म्हणाली. सवयीने म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

मामाने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"मामा, थांब जरा," मी म्हटलं.

"काय थांबू? तीन वावांचा फरक. वाळूत मासे दाखवणारं यंत्र, ते काय खरं सांगणार? पस्तीस वर्षं हिचा आकडा चुकलेला नाही. उद्या देऊन टाकतो परत. आपली फूटपट्टी बरी."

आणि तो पहिला स्क्रू सोडवायला लागला. इतक्या प्रेमाने तो बोलला होता, आणि त्या प्रेमानेच तिला पुन्हा बोटीच्या टोकाला नेऊन उभं करत होता. मला त्याचा राग आला. पण बोलू काय? यंत्र बरोबर म्हणावं तर मामी चुकली म्हणायला हवं, आणि ते माझ्या जिभेवर येईना.

मामी ओल्या दोरीच्या वेटोळ्यापाशी बसली होती. दुसरा स्क्रू निघाला. तिसऱ्याला स्क्रूड्रायव्हर लागला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या ते."

"का?"

"यंत्र बरोबर आहे."

मामा हसला. "कशावरून?"

"तुम्ही मोजा. मी सुकाणू धरते."

मामाने दोरी हातात घेऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. त्याने वजन सोडलं आणि हात ताणून ताणून दोरी वर घेतली, मोठ्याने मोजत. तो मामीपेक्षा बुटका, हात आखूड. त्याचा आकडा तिच्याहून जास्त यायला हवा होता.

पंधरा आला.

तो तसाच उभा राहिला. दोरीचं पाणी त्याच्या गमबुटांवर गळत होतं. मग म्हणाला, "हात पसर बघू."

"कशाला आता."

"पसर."

मामीने सुकाणू माझ्याकडे दिलं आणि उभी राहिली. तिचा उजवा हात सरळ बाजूला गेला, लांबच्या लांब. डावा खांद्याएवढाही वर आला नाही. कोपर बरगडीला चिकटलेलं, बाजूला आला तो फक्त कोपरापुढचा हात. तिने तो आणखी वर न्यायचा प्रयत्न केला तेव्हा तिचं तोंड वेडंवाकडं झालं. समुद्र कुठेही गेला नव्हता. मामीचा हात आखडत गेला होता, एकेक बोट करत, आणि एक हात अर्धाच पसरून ती दोरी मोजत होती. कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"कधीपासून?" मामाने विचारलं.

"चिमणीसमोर पाणी वाढलं असं तुम्ही पहिल्यांदा म्हणालात ना," मामी म्हणाली, "तेव्हापासून."

मामा खाली बसला. बोट हळूहळू वळत गेली, चिमणी टाकीपासून सुटली, आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

"मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? दोरी कोणी ओढली असती?" ती रागाने म्हणाली नाही. राग करायला जेवढा जोर लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता. "तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात, हिचा आकडा म्हणजे आकडा. मग मी काय सांगणार, की हात पुरत नाही?"

मामाने काढलेले दोन्ही स्क्रू शोधले, एक पायाखालच्या फटीत गेला होता, तो नखाने उकरून काढला, आणि दोन्ही पुन्हा घट्ट बसवले. त्या दिवशी जाळं टाकलंच नाही. धक्क्याला बोट लागली तेव्हा मामी सवयीने दोर घेऊन उठली. "बस," मामा म्हणाला, आणि स्वतः उडी मारून दोर बांधला. मग तिला खाली उतरायला हात दिला. उजव्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. दारात चपला शोधताना आवाज करू नये म्हणून त्याने जेवढी धडपड केली तेवढा तो जास्तच झाला. मामी जागी झाली, पण उठली नाही. डाव्या खांद्याखाली उशी घेऊन पडून राहिली. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवत गेला.

उजाडून थोडा वेळ झाला होता तेव्हा तिचा फोन वाजला. मामाचा आवाज मला दारातून ऐकू आला. समुद्रावरून तो नेहमीच ओरडून बोलतो.

"चिमणीसमोर आहे. चौदा दाखवतंय."

"बरं."

"मासे दिसतायत खाली. टाकू का जाळं?"

मामीने खांद्याखालची उशी नीट सरकवली.

"ऐकतेस ना? चौदा बरोबर ना गं?"

"अहो," मामी डोळे न उघडता म्हणाली, "त्याला विचारा. मी झोपलेय."

तिने फोन उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी दार लोटून घेतलं. ती दुपारपर्यंत झोपली.