सतरा सीटची गाडी आणि घाटंजीची आत्या

आता ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. पण चहा उकळेपर्यंत तुम्हाला सांगतो. हसायचं तर हसा, मला अजून हसू येत नाही.

बायकोचे मोठेबाबा, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, मुकुटबनला वारले. संगीता पहाटेच भावासोबत मोटरसायकलने तिकडे गेली. आठ वाजता तिचा फोन आला. घाटंजीची आत्या सुनेला घेऊन वणीच्या स्टँडवर उतरणार होती, तिला मी आणायचं. आत्या मोठेबाबांची एकुलती बहीण, ती आल्याशिवाय मयत उचलायची नाही असं ठरलेलं. आमच्या लग्नात तिचा पाय मोडलेला होता, त्यामुळे मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनेही मला नाही.

"लहान गाडी आणजा," संगीता म्हणाली. "दोघीच हायेत."

माझा मेकॅनिक मित्र सलीमभाई याच्याकडे दोन गाड्या उभ्या होत्या. एक सात सीटची घरगुती, एक सतरा सीटची. सलीमभाईनेही सातवालीच ने म्हणून सांगितलं. पण मी नऊ वर्षं कोळशाचा ट्रक चालवलेला माणूस, मला लहान स्टिअरिंग खेळण्यासारखं वाटतं. शिवाय मनात आलं, मयतीचं काम, स्टँडवर आणखी नातलग भेटले तर त्यांना काय मागे ठेवायचं? मोठी काढली.

स्टँडवर बरेच लोक सुतकी चेहऱ्याने उभे होते. मी हळूच विचारलं, "मुकुटबनले चालता काय?" सगळे निघाले. पुढे पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी होती. मी म्हटलं, "या आत्या." ती म्हणाली, "हो बाबा." झालं, माझी खात्री पटली; मागे चढलेल्या बायांतली एखादी सून असणार. तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पाणी दिलं.

"लई वाईट झालं," मी मागे वळून म्हणालो.

"वाईट म्हंजे काय," मागचा एक जण म्हणाला. "सकाळपासून वाट पाहून राह्यलो, कोणी काही सांगतच नाही."

बिचाऱ्यांना निरोपही नीट मिळाला नाही, असं वाटून मला गलबलून आलं.

निघताना दोघी बाया घाईघाईने गाडीकडे आल्या. एक म्हातारी, काठी टेकत. मी खिडकीतून हात हलवला. "भरली मावशी, भरली." आणि गाडी काढली.

मुकुटबनला पोचलो, तर सगळे चौकातच उतरून आपापल्या वाटेने गेले. उरली ती पुढची म्हातारी, तिला घेऊन मी गाडी मोठेबाबांच्या घरासमोर लावली. दारात माणसं पाहून तीही उतरली आणि पदर डोळ्याला लावून उभी राहिली. संगीता धावत आली, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्या कुठं हाये?"

"ही काय."

"मी तं इथं लेकीकडं आली, बाई," म्हातारी म्हणाली. "बस नव्हती, यायनं आणलं."

तेवढ्यात संगीताचा फोन वाजला. पलीकडे आत्याची सून. एक गाडी आली होती म्हणे, पण भरलेली होती.

संगीताने फोन ठेवला आणि गाडीकडे बोट दाखवलं. अंगणात मयत, सगळं गाव उभं, आणि मी रिकामी सतरा सीट घेऊन परत वणीला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास.

आत्याला दिसतं कमी. माझ्या मागच्या सीटवर बसली आणि वाटभर रडत भावाचं सांगत होती. तिला शाळेत खांद्यावर न्यायचा, तिच्यासाठी बोरं आणायचा. मधेच थांबून म्हणाली, "आधी एक गाडी आलती, जवाई. त्यायनं मले घेतलंच नाही. म्हाताऱ्या माणसाकडं पाह्यलं बी नाही मेल्यानं."

आरशात सून माझ्याकडे बघत होती. तिने मला ओळखलं होतं.

"असतात असे लोक," मी म्हणालो.

भावाच्या पायाशी आत्या फार वेळ बसली. कोणी घाई केली नाही. मग बुद्धवंदना, त्रिशरण झालं, मयत उचलली.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आत्याने मला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि संगीताला म्हणाली, "तुहा नवरा देवमाणूस हाय. एवढ्या दूर माह्यासाठी आला. पण तो पहिला डायवर वणीत कुठं दिसला, तं त्याले सोडू नको."

"नाही सोडत, आत्या," संगीता म्हणाली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. तिने अजून सोडलेलं नाही.