रेघा नसलेली बोटं

सुलोचनाकाकी गेली हे कळलं, तेव्हा मी कारखान्याच्या दारात नव्या बायकांना हजेरीच्या मशीनवर बोट कसं टेकवायचं ते शिकवत होतो. फोन ठेवला आणि पुढचीला म्हणालो, "जरा दाबून." महिना झाला... त्या दोन शब्दांची अजून शिसारी येते.

कोकणात नांदगावजवळच्या आमच्या काजू कारखान्यात काकी तीस वर्षं बिया फोडायची. टरफलातल्या तेलाने कातडी जळते, म्हणून हाताला राख चोळून बसायची आणि अख्खा गर अलगद बाहेर काढायची. मी तिथला सुपरवायझर. हजेरीचं मशीन पसंत करून आणलं मीच, वर पेढेही वाटले. पहिल्याच सकाळी काकीचं बोट लागेना. दहाही बोटं लावून झाली. रेघा तेलाने कधीच खाल्ल्या होत्या, आणि जन्म काजूत घालवलेल्या या शहाण्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं! उलट मीच ओरडलो, "काकी, मशीन तुका वळखणा नाय गो!" सगळ्या हसल्या. तीही हसली. "तू वळखतंस मा? मगे झाला तर."

पण माझ्या ओळखीला विचारतो कोण? हजेरीचं रजिस्टर बंद झालं होतं. काकी रोज यायची, बिया फोडायची आणि मशीनमध्ये गैरहजर लागायची. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "वय झालेल्या बायका कमी करायच्याच आहेत. बरंच झालं." मी मान डोलावली. पत्रही मीच टाइप केलं, 'आपल्या सततच्या गैरहजेरीमुळे...' शुद्धलेखन दोनदा तपासलं.

ते पत्र घेऊन काकी माझ्याचकडे आली. "माका वाचूक येणा नाय. वाच रे बाबू." वाचलं. ती म्हणाली, "पण मी थंयच होतंय मा रे? तूच माका चाय आणून दिलंस."

तिच्या वयाच्या बाकीच्या बायका पत्राची वाट न बघता आपणहून गेल्या. मीटिंगमध्ये साहेब याला 'नैसर्गिक गळती' म्हणाले. फांदी आम्ही धरून हलवली होती, तरी इतिवृत्तात मी तेच शब्द उतरवले.

ती गेल्यावर तिच्या घरी गेलो, तर सून मला मागल्या दारी घेऊन गेली. विहिरीपाशी कपडे धुवायच्या दगडावर करवंटीत चिंच होती, सुकून काळी पडलेली. "आई रोज सकाळी बोटां घासायची. म्हणायची, रेघो दिसाक लागल्यो काय माका परत बोलवतले. मरायच्या आदल्या आठवड्यात हाक मारून माका बोट दाखवल्यान. बघ गो, एक इली."

"खरंच आली होती?"

"भेग होती ती, दादा. पण मी व्हय म्हटलंय."