तीनदा जळलेली उजवी बाजू

रतनबद्दल लिहायचं तर आधी माझा मूर्खपणा कबूल करावा लागतो, आणि ते काही मला आवडत नाही. अंथुर्ण्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तोंडाने फटकळ आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. निवृत्त झाल्यावर हौसेने गाणी वाजवायचा एक रिसीव्हर आणि दोन स्पीकर घेतले, हॉलमध्ये मांडले. मग बायकोला, आमच्या द्वारकेला, स्वयंपाकघरात गाणी हवी झाली, मला ओसरीवर. गाणी ऐकून गाय जास्त दूध देते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एक स्पीकर गोठ्यातही गेला. सगळ्या वायरी मी स्वतः ओढल्या. आठव्या दिवशी रिसीव्हर जळला.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागे आबाजींचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी आतली आवाज वाढवणारी आयसी बदलून दिली. बारा दिवसांनी ती पुन्हा गेली. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा जळली तेव्हा मी दुकानात उभा राहून चार गिऱ्हाइकांसमोर आबाजींचे वाभाडे काढले. नजर गेली असेल तर दुकान बंद करा, असंही बोलून गेलो. आबाजी खाली मान घालून बसले होते.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांची सून रतन होती. नवरा दीपक दुधाच्या टँकरवर, घरी असला तर असला. ही नऊ वर्षं त्या खुर्चीत बसायची. सासऱ्याचे हात थरथरायला लागल्यापासून सोल्डरचे बारीक डाग तीच द्यायची, पण गिऱ्हाइकाशी बोलायचे आबाजी. काम त्यांनीच केलं असा लोकांचा समज, आणि तो मोडायचा नाही असा त्या घरचा रिवाज. मला तरी कुठे माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आमच्या दारात उभी. पिशवीत मीटर आणि पकड. तिच्याकडून कळलं, की माझ्या बोलण्याने आबाजींनी हाय खाल्ली. महिनाअखेरीला दुकानाची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायची, असं ठरवून मोकळे झाले. मी चालवते, असं ती म्हणाली होती. लोक बाईच्या हातात मशिन देत नाहीत, एवढंच त्यांचं उत्तर. दुकान गेलं की नऊ वर्षांत शिकलेलं सगळं बासनात बांधून तिने घरी बसायचं. तिने हे सरळ आवाजात सांगितलं आणि मला माझीच लाज वाटली. तरी तोरा कुठे जातो? जळलेलं मशिन तुमच्याकडे आहे, मग इथे काय बघणार, असं मी विचारलंच.

"सर, दुकानात ते मी दोन-दोन दिवस वाजवलंय," ती म्हणाली. "तितं जळत न्हाय, हितं जळतंय. आन तिन्ही वेळा उजवीच बाजू. मग घर बघाय नको?"

वायरीचा माग काढत ती हॉलमधून ओसरीवर, ओसरीवरून गोठ्यात गेली. डाव्या बाजूला हॉलचा आणि स्वयंपाकघराचा असे दोन स्पीकर होते. उजवीकडे हॉलचा, ओसरीचा आणि गोठ्याचा असे तीन, सगळ्यांच्या वायरी एकत्र पिळून मशिनच्या एकाच स्क्रूला. प्रत्येकाच्या पाठीवर आठ ओहम लिहिलेलं तिने वाचलं आणि विचारलं, "तुमच्या विहिरीवरचे पाण्याचे तिन्ही व्हॉल एकदम सोडले तर मोटार काय करती?"

अँपिअर जास्त घेते, मी म्हणालो, आणि स्टार्टर पडतो.

"तसंच हाय. मशिनच्या मागं लिवलंय, सहा ओहमच्या खाली न्यायचं न्हाय. तुमी आठाचे तीन शेजारी-शेजारी बसवून तीनच्याबी खाली आणलंय. डावी बाजू चारावर कशीबशी तग धरून हाय."

मला वाटत होतं, तिघांत भार वाटला जातो. आणि समांतर जोडणीत रोध कमी होतो, हेच गणित मी एकतीस वर्षं फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. मी गव्हाणीच्या कडेला बसलो. द्वारका दारात उभी राहून खुशाल हसत होती.

ओसरीचा स्पीकर रतनने काढून टाकला, हॉलमधलं तिथे ऐकू येतंच म्हणाली. उरलेले दोन-दोन एकामागे एक जोडले. आता प्रत्येक बाजूला सोळा ओहम, आवाज जरा बारीक येईल, हेही सांगितलं. तीन दिवसांनी मशिन दुरुस्त करून घेऊन आली. दुपारभर ते वाजवलं आणि मग तिने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. नुसतं कोमट होतं.

परतीच्या एसटीने मी तिच्याबरोबर बारामतीला गेलो. ज्या तोंडाने बोललो होतो त्याच तोंडाने दुकानात उभं राहून सांगितलं, की चूक माझी होती आणि ती या पोरीने शोधली.

"ती पहिल्या खेपेपासनंच म्हणत हुती, घर बघू या," आबाजी म्हणाले. "मीच बोलू दिलं न्हाय."

तेवढ्यात मोरगावचा एक माणूस ॲम्प्लिफायर काखेत मारून आला आणि सवयीने तो आबाजींच्या पुढे धरला. आबाजींनी हात पुढे केला नाही.

"तिला द्या," ते म्हणाले. "दुकान तिचं हाय."

तो माणूस जरा घुटमळला. मग वळून त्याने मशिन रतनच्या हातात दिलं. घरी स्पीकर किती आहेत, असं तिने त्याला विचारलं.