काठातली तीन अक्षरं
बंद पडलेल्या कंपन्यांचे जुने शेअर घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि त्या कंपन्यांचं पुढे काय झालं, ते मी शोधून देतो. गेल्या वर्षी कामरेजच्या एक गुजराती आजी आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी ब्रह्मदेशातल्या एका तेल कंपनीचा शेअर घेतला होता.

"पैसे नकोत मला," त्या म्हणाल्या. "कंपनी खरी होती का, तेवढं सांगा. फसले म्हणून घरचे त्यांना मरेपर्यंत हसले."

दोन महिने मी जुनी राजपत्रं, कंपन्यांच्या याद्या, रंगूनच्या वर्तमानपत्रांची पानं धुंडाळली. ते नाव कुठेच सापडेना. कंपनी खोटीच असणार, असं मी धरून चाललो.

एका रविवारी भावाकडे, पर्वत पाटिया भागात, जेवायला गेलो होतो. वहिनी साड्यांच्या बॉर्डर कॉम्प्युटरवर काढते. सातवी शिकून धुळ्याहून लग्न होऊन आली आणि हे काम कारखान्यात बघून बघून शिकली. शेअरच्या कागदाचा छापील काठ फार सुरेख होता, म्हणून मी तिला मोबाइलवर फोटो दाखवला. तिने तो मोठा केला आणि काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत पाहिला.

"भाऊ, आठे देखा," ती काठावर बोट ठेवून म्हणाली. "वेलीत तीन इंग्रजी अक्षरं गुंफलीत. काठभर तीच येतात. कंपनीच्या नावातल्या शब्दांची पहिली अक्षरं हीच आहेत का?"

नव्हती.

"मग कागद आधीचा. नाव नंतर छापलंय. आमच्याकडेही उरलेल्या लेबलांवर नवं नाव मारतात."

तो कागद मी पन्नासदा वाचला असेल, काठाकडे मात्र कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या अक्षरांवरून जुनं नाव एका दुपारी सापडलं. कंपनीने चार विहिरी खणल्या होत्या. दोन विहिरींना तेल लागलं, पुढे नुसतं पाणी येऊ लागलं. नाव बदलल्यावर काही महिन्यांतच ती बंद पडली, म्हणून नवं नाव कुठल्याच यादीत चढलं नव्हतं.

कामरेजला मी वहिनीला सोबत नेलं. जुन्या नावाखाली सापडलेली, विहिरींना तेल लागल्याची राजपत्रातली सूचना आजींनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे तेल खरंच निघालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. मग शेतातून दोन्ही मुलांना बोलावून घेतलं आणि वहिनीला म्हणाल्या, "बेटा, यांना पहिल्यापासून सांग."

चारचौघांत गप्प बसणारी माझी वहिनी तिच्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत अर्धा तास बोलत होती.