शनिवारी पुन्हा हिमेजी

आमच्या ह्यांना कशाचाच भरवसा नाही. झाईला चिकूची वाडी, गावात हरिश्चंद्रभाऊ म्हणून मान. पण कोळणीकडून किलोभर बोंबील घेतले तरी घरच्या काट्यावर पुन्हा तोलणार. अच्छाडच्या धाब्यावर चहा प्यायचा तर स्कूटर दिसेल त्याच खुर्चीत. वापी, सुरत, मुंबई, कुठंही जावं, संध्याकाळी वाडीत परत. पंचवीस वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला एक रात्र राहिले आणि नेमके त्याच रात्री चिकू चोरीला गेले. झालं! माझ्यावर तरी विश्वास आहे का, हे मी, म्हणजे त्यांची बायको चंपा, कधी विचारत नाही.

आमची एकुलती एक दिशा दोन वर्षं जपानात, ओसाकाला नोकरीला आहे. तिनं आम्हाला आठ दिवस बोलावलं आणि फोनवर बेत पाठवला. पुतण्या हितेशनं तो मोठ्या अक्षरांत छापून आणला. मुक्काम दिशाच्याच खोलीवर. रोज सकाळी रेल्वेनं एकेक गाव बघायचं, नारा, क्योतो, कोबे, हिमेजी, आणि संध्याकाळी परत. बापाचा स्वभाव ओळखून पोरीनं केलं होतं सगळं. मला तर भरून आलं. ह्यांनी चष्मा लावला आणि लाल पेन मागितलं.

आधी वेळांवर संशय. सात सत्तावन्नची गाडी म्हणे! इतकं नेमकं सांगणारा माणूस काहीतरी लपवतोच, असं ह्यांचं मत. मग पेन थांबलं. बुधवारी हिमेजी आणि शनिवारी पुन्हा हिमेजी.

तिथला किल्ला मोठा असेल काका, हितेश म्हणाला. ह्यांना पटेना. आमच्यात एकाच परक्या घरी लागोपाठ दोनदा जातात ते मुलीकडचे. पहिल्यांदा घर बघायला; तेव्हा रिकाम्या हातानं जायचं आणि तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पटलं तर दुसऱ्यांदा साखर घेऊन जायचं.

"पोरीनं लग्न उरकलंय," हे कागदाची घडी करत म्हणाले. "आता आपल्याला नुसतं दाखवणार."

चार दिवस ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. हितेशच्या फोनवर त्या किल्ल्याचे फोटो मोठे करकरून बघायचे, किल्ला नाही, खाली फिरणारी माणसं. संशयाला औषध नाही, असं मी तोंडानं म्हणत होते, पण ह्यांच्या खांद्यावरून ती माणसं मीही बघत होते. न सांगता लेक परकी झाली असेल तर तिथं जाऊन देवळं काय बघायची?

रविवारी दिशाचा फोन आला तेव्हा ह्यांनी सापळा लावला. गुडघे दुखतात, एवढं फिरणं होणार नाही, शनिवार रद्द कर म्हणाले. ती म्हणाली, क्योतो रद्द करते, हवं तर कोबेही. शनिवार तेवढा राहू दे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, हातात चोर सापडल्यासारखं.

"कोण आहे तिथं?"

तिनं सगळं सांगितलं. तिच्याच ऑफिसात केन्ता नावाचा मुलगा आहे, त्याचे आईवडील हिमेजीला राहतात. लग्न केलेलं नाही, शब्दही दिलेला नाही.

"बुधवारी तुम्ही घर बघा, बाबा. माझे वडील पाणी पिणार नाहीत, राग मानू नका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. मधले दोन दिवस विचार करायला तुमचे. तुम्ही नाही म्हणालात तर शनिवारी आपण किल्ला बघून परत येऊ."

फोन माझ्या हातात देऊन हे वाडीत गेले ते दिवेलागणीलाच आले. डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, पाला जाळत होतो, धूर गेला. वाडीत धूर कुठंच नव्हता.

मग आठ दिवस वाडीत झोपायला हितेशला ठेवलं आणि हितेशवर लक्ष ठेवायला शेजारच्या मनिषला. निघायच्या आदल्या दुपारी मी ह्यांची बॅग नीट लावायला घेतली, तर तळाशी, सदऱ्यांच्या घडीत, दुहेरी पिशवीत बांधलेली पावशेर साखर.

"न बघताच पसंत केलं की काय?" मी विचारलं.

"बघितल्याशिवाय मी कुणालाही हो म्हणत नाही," हे पिशवीची गाठ पुन्हा तपासत म्हणाले. "पण तिकडची साखर कशी असेल, कुणी सांगावं?"